दवाखान्याच्या यादीत 'माता' नाही

मैत्रिणींनो, आज फार थकून गेले. पोरीला माता आली आहे. ताप उतरेना, म्हणून पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. घरात माता असली की आपण त्या आजाराचं नाव घेत नाही.

पर्चीवाला म्हणाला, "काकू, कम्प्युटरच्या यादीत माता नाही. ताप टाकून देतो."

"भाऊ, जाऊबाईच्या पोराच्या वेळीच सांगितलं होतं ना, टाका म्हणून?"

"आम्ही वर कळवलं. ते काही ऐकूनच नाही राहिले."

मग तापाच्या रांगेत बसलो. शेजारी एक गरोदर पोरगी येऊन टेकली. तिला लागण झाली तर? मी मनात देवीला हात जोडले अन् मोठ्यानं म्हटलं, "बाई, दूर बस. माझ्या पोरीला कांजण्या आहेत."

मी नाव घेतलं हे कळल्यावर घरी सासूबाई जेवल्या नाहीत. तुमच्याकडच्या दवाखान्याच्या यादीत आला का हो 'माता' हा शब्द?