वृंदाबाईंच्या चौकटी

वृंदाबाई शेटकरांना मी पाहिले त्याआधी त्यांचा वर्ग ऐकला. मोप्याच्या विमानतळाच्या पठाराखालच्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत मी बदलून आले, त्या सकाळी व्हरांड्यात पाऊल टाकते तो आतून तिसरी-चौथीची मुले एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!" शाळेत कोणी देवाला गाऱ्हाणे घालत आहे, असे वाटून मी चपला काढायला लागले. दारातून डोकावले तर ना देव, ना नारळ. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, त्यात सहा रंगीत चौकटी, आणि एक मुलगी हातातल्या टॅबलेटवर बोट फिरवून शब्द एका चौकटीतून दुसरीत नेत होती. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "येवा, बसा. आमचो कोल्हो आताच संकटात पडलो." मी बसले, आणि खरे सांगायचे तर त्या वर्गातून मनाने अजून उठलेली नाही.

बाई कारापूरच्या. रोज स्कूटरवरून डिचोली तालुका ओलांडून पेडण्यात येतात, आणि आमच्याआधी पोचतात. येत्या महिन्यात त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून हा गौरवग्रंथ. संपादकांनी 'बाईंच्या अध्यापन पद्धतीवर लिहा' असे सांगितले आहे. पद्धत लिहिणे सोपे आहे. ती पाहताना जे वाटते ते शब्दांत धरताना माझी तारांबळ उडते.

चौकटींची कल्पना काही बाईंची एकटीची नाही. धडा वाचून झाला की त्यातले कोण, कुठे, काय अडचण, काय केले, शेवटी काय झाले, हे आकृतीत मांडायचे आणि त्यातून समज वाढवायची, हे प्रशिक्षणात आम्हा सर्वांनाच शिकवले होते. आम्ही चहा-बिस्किटे खाऊन घरी आलो. बाई गावच्या देवळात गेल्या. तिथे गाऱ्हाणे ऐकताना त्यांच्या लक्षात आले की देवासमोर उभा राहणारा माणूसही हेच करतो: मी कोण, कुठला, काय संकट आले, काय मागतो, हे क्रमाने सांगतो, आणि जमलेले लोक प्रत्येक टप्प्यावर हुंकार भरतात. आमच्या मुलांना हे पाळण्यात असल्यापासून ठाऊक! दुसऱ्या दिवसापासून चौकट भरली की वर्ग 'व्हय म्हाराजा' म्हणू लागला.

त्यातून एक पेचही झाला, तो आमच्याच भागात होऊ शकतो. 'काय केले' या चौकटीत मुले प्रत्येक गोष्टीत राखणदाराला, म्हणजे गावची राखण करणाऱ्या देवाला, आणून बसवू लागली. कोल्हा विहिरीत पडला, राखणदाराने काढला. राजकन्या हरवली, राखणदाराने शोधली. मी असते तर कपाळाला हात लावला असता. बाईंनी मात्र पडद्यावर एक बाण जोडला. चौकटीतल्या प्रत्येक शब्दापासून धड्यातल्या ओळीपर्यंत बाण ओढायचा. ओळ सापडली नाही तर शब्द बाजूला सरकवायचा. "राखणदाराक खंय बसवलंस ता दाखय बघू," असे त्या विचारत आणि पोरे अख्खा धडा पुन्हा वाचून काढत. फळ्यावर चूक पुसली की मूल खट्टू होते, पडद्यावर ती नुसती सरकते, म्हणून आपल्याला हे यंत्र आवडते, असे त्या म्हणतात. वीज गेली तर त्याच चौकटी अंगणात खडूने आखतात आणि मुलांनाच शब्द म्हणून उभे करतात.

सर्वांत शेवटची चौकट बाईंची स्वतःची: 'आता तू काय विचारतंस?' ही चौकट तन्वीची नेहमी रिकामी असायची.

तन्वी दळवी ही वर्गातली सगळ्यांत सफाईदार वाचक. तिचे वडील मूळचे दोडामार्गचे, चिऱ्यांचा ट्रक चालवतात. पालकसभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, माझा चेडू पेपरसुद्धा खडाखड वाचता. मगे ह्यो चौकटी कित्याक? टीव्हीवर बोटां फिरवक मी तेका शाळेत धाडूक नाय." त्यांनी तिथेच तन्वीला वाचायला लावले. तिने एक पान कुठेही न अडखळता वाचले. पालकांनी टाळ्या वाजवल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला शहरातल्या शाळेत घालणार, असे दळवींनी सांगून टाकले.

त्या पानातले तिला काही म्हणजे काही कळलेले नाही, हे बाईंना आणि मला पक्के माहीत होते. एक प्रश्न विचारला असता तर सभा बाईंच्या बाजूने झाली असती. बाईंनीही टाळ्या वाजवल्या! मी घरी जाताना तणतणले, तेव्हा त्या स्कूटरला किक मारता मारता म्हणाल्या, "मी जिंकलंय असतंय गो. पण चार लोकांत चेडू हरला असता." एवढे मोठे मन मी माझ्या डोळ्यांनी तरी दुसरे पाहिलेले नाही.

दळवींकडे त्यांनी एकच मागितले: जाण्याआधी एक दिवस वर्गात बसा आणि पोरांना तुमच्या गाडीची एखादी गजाल सांगा. ते आले. चपलांना चिऱ्याची लाल धूळ, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हते. मग त्यांनी सांगितले: भरलेला ट्रक, घाटातला उतार, आणि ब्रेक लागेना. मुले श्वास रोखून चौकटी भरत होती. 'काय केले'मध्ये सवयीने राखणदार आला, तर दळवी स्वतःच हात जोडून "तां खराच!" म्हणाले. पण पोरे बाईंची. एक म्हणाला, "काका, तुमी राखणदार सांगूक नाय. बाण खंय मारू?" दळवी हसले. "नाय सांगलंय. गाडी मीच दरडीक घातलंय."

शेवटची चौकट उरली. तन्वी बराच वेळ तिच्याकडे पाहत होती. मग तिने विचारले, "बाबा, तू भियालंस?"

विमान डोक्यावरून गेले, वर्गाच्या जनेलांच्या काचा थरथरल्या.  ते गेल्यावर दळवी म्हणाले, "भियालंय गो बाय. म्हणान तर घराक कोणाक सांगूक नाय."

 बाईंनी तन्वीच्या हातात पुस्तक देऊन नवा धडा वाचायला सांगितला. जत्रेत आईपासून चुकलेल्या एका मुलीचा तो धडा होता. तन्वी नेहमीच्या वेगाने निघाली आणि पानाच्या मध्यावर थांबली. दळवी खजील झाले. "वाच गो, अडाकलंस कित्याक?"

"थांब बाबा," ती ओळीवर बोट ठेवून म्हणाली. "हयसर ता चेडू भियाला."

 बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. दळवी आपल्या मुलीकडे पाहत राहिले आणि मग, अगदी हळू आवाजात, एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा." दिवाळीनंतर पहिल्या दिवशी ते तन्वीला ट्रकमधून आमच्याच शाळेच्या फाटकाशी उतरवून गेले.

इतकी वर्षे मी वाचायला शिकवले. पण वाचता वाचता थांबलेले मूल म्हणजे काय, ते मला बाईंनी दाखवले, आणि त्या दृश्याने मी आजही स्तिमित आहे.

बाई, साठी तुम्ही कामाच्या झपाट्यात गाठलीत. पुढची वर्षे देवाने तुम्हाला भरपूर द्यावीत, धडधाकट द्यावीत, आणि ती खडाखडा वाचून संपवण्याची घाई तुम्ही करू नये. तन्वीसारखे थांबत थांबत जा. आम्ही सगळे ऐकत बसलो आहोत.