ओपन जागेचा उमेदवार

दक्षिण आफ्रिकेतला वर्णभेद मी सांगलीच्या कॉलेजात राहून संपवला. म्हणजे भाषणांतून! टाळ्या अशा पडायच्या की वाटायचं, तिकडचं गोरं सरकार आता चार दिवसांचा सोबती. ही भाषणं लिहायचा माझा दोस्त. तासगावजवळचं एकच गाव आम्हा दोघांचं. मी भर गावठाणातला, तो वेशीबाहेरच्या दलित वस्तीतला.

एकदा त्यानंच मला धरलं. "आफ्रिका ऱ्हाऊ दे रं गड्या. आपल्या गावच्या हॉटेलात माजा कप येगळा ठेवत्यात, त्येचं काय?"

मी ओशाळलो. सुट्टीत आम्ही रोज तिथंच चहा प्यायचो. मी बाकावर, तो बाहेर दगडावर. आणि मला मेल्याला ते कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच बाकावर जाऊन बसलो. गावभर बोंबाबोंब! त्याच्या वडलांना शेतावरच्या कामावरून काढून टाकलं. माझी आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, बस्स. महिन्याभरानं हॉटेलवाल्यानं सगळ्यांना एकसारखे कप दिले आणि पेपरात फोटो आला, माझा.

पुढं कित्येक वर्षं मोर्चे, अर्ज, उपोषणं दोघांनी मिळून केली. मग पंचायत समितीची निवडणूक लागली. आमच्या गणातली, म्हणजे मतदारसंघातली, जागा ओपन होती. त्याला उभं राहायचं होतं, आणि खरं काम त्याचंच होतं. पक्षाच्या नेत्यांनी मला बाजूला घेतलं.

"मानूस लाखात एक हाय, पर लोक अजून तयार न्हाईत. जागा राखीव निघाली की त्येलाच दिऊ. तवर तुमी."

मी दोनदा नाही म्हणालो. ते तिसऱ्यांदा विचारतील याची वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू?

त्यानं माझा प्रचार केला. मी निवडून आलो, गाडीतून फिरलो, समतेवर बोललो.

पुढच्या खेपेला जागा राखीव निघाली. मी पेढे घेऊन त्याच्या घरी. "घे गड्या, आली तुझी जागा!" केवढे उपकार केल्यासारखं म्हणालो मी, आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

त्यानं पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"ही जागा आमच्या लोकांनी भांडून मिळवल्याली हाय. ती तू नगं दिऊस," तो शांतपणे म्हणाला. "तवा ओपनला मला उबं ऱ्हायाचं हुतं. लोक तयार न्हवतं म्हनं. लोकांचं सोड. तू हुतास का तयार?"