नागरिकत्वाचे पेढे

परदेशाचा नागरिक झालो म्हणून मी स्वतःच्या वडिलांना, अण्णांना, पेढे दिले. काल इथे टोरांटोत शेजाऱ्यांच्या बारशाचा पेढा हातात आला आणि वेलदोड्याच्या वासासरशी लखनौचं मानक नगर, आमचं रेल्वे क्वार्टर समोर उभं राहिलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्याकडे इथला नुसता कायम राहण्याचा परवाना होता, तोवर अण्णा कॉलनीभर सांगत, "पोरगा परत येणार." मग मी नागरिकत्व घेतलं, भारतीय पासपोर्ट परत केला आणि व्हिसा काढून घरी आलो. येताना चौकातून पेढे घेतले, तेही मोठा डबाभर. मूर्खपणात मी कधी हात आखडता घेत नाही.

अण्णांनी चष्मा लावून माझ्या नव्या पासपोर्टातल्या व्हिसाच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "अच्छा. म्हणजे घरी यायला तुला परवानगी लागते?"

"नुसती फॉर्मॅलिटी हो, अण्णा."

पेढा त्यांच्या हातातच राहिला, बोटं तुपकट झाली. मला वाटलं, शुगरमुळे खात नसतील.

"शेजारी देऊन येतो," म्हणत मी उठलो.

"बस खाली," अण्णा म्हणाले. "मुलगा झाला की पेढे वाटतात, गाढवा. परका झाला की नाही."