सिलोनचे खासदार आणि मावशीचं खाचर

सिलोनचे एक सिंहली खासदार आमच्या कोळवण खोऱ्यात जपानी पद्धतीची भातलावणी बघायला येणार, असं कळलं आणि मी त्यांचं चरित्र आदल्या दिवशीच छापून मोकळा झालो. एकपानी पत्रक, मथळा ‘सुटाबुटातल्या पाहुण्यास चार सवाल’. त्यांच्याविषयी मला काडीची माहिती नव्हती. पण सिलोनचा खासदार म्हणजे चहामळेवालाच असणार, एवढ्यावर मी पान भरलं.

संताप मात्र उगाच नव्हता. दाखवण्याजोगं शेत रस्त्याकडेला नव्हतं, म्हणून विकास खात्याच्या साहेबांनी माझ्या मावशीच्या खाचरातलं महिनाभराचं भात मुळासकट उपटवलं आणि रस्त्यालगतच्या रिकाम्या खाचरात दोरी धरून रोववलं. मावशीचं खाचर ते एकच. घरात वर्षाचा तांदूळ तिथूनच यायचा, आणि पुन्हा लावायला रोप शिल्लक नव्हतं. साहेबांनी तिला वर नमस्कार केला. ‘देशकार्य आहे, बाई!’ म्हणे.

पाहुणे जीपमधून उतरले. सूट नाही, बूट नाही. लुंगीसारखं पांढरं नेसलेले, पायात वहाणा, काखेत छत्री. माझा मथळा जागीच मेला. त्यात मॅट्रिक म्हणून त्यांचं इंग्रजी गावाला मराठीत सांगायचं काम माझ्याच गळ्यात.

“ओळी बघा, कशा सरळ!” साहेब म्हणाले.

खासदार वाकले. एक रोप धरून हलकेच ओढलं, मुळासकट हातात आलं. दुसरं ओढलं, तेही आलं. मग ते पोट धरून हसायला लागले.

“हे कालच इथं आलंय. कुणाचं?”

मी मावशीकडे बोट केलं. ती पदर खोचून पुढं आली. “इचार त्यांला, तुमच्यात बी असलं करत्यात का?”

“करतात की. मीच केलं!” आणि बांधावर उभं राहून त्यांनी आपली सारी कारकीर्द सांगितली. मंत्र्याला असंच उसनं शेत दाखवलं, म्हणून पक्षानं उमेदवारी दिली आणि ते निवडून आले. ज्या बाईचं रोप उपटलं होतं, ती पुढच्या निवडणुकीला यांच्याविरुद्ध दारोदार फिरली. हे पडले. तिसऱ्या खेपेला तिच्याकडं जाऊन तीन दिवस चिखलात लावणी केली. “तरी तिनं मत दिलं नाही. फक्त दारोदार फिरायची थांबली. तेवढ्यावर आलो निवडून!”

गाव खदखदून हसलं. साहेब घड्याळ बघत राहिले.

“तिचं बराबर हाय,” मावशी म्हणाली. “पर म्हणावं, बोलून रोप जगत न्हाई. मुळं सुकाया लागलीत.”

मी सांगताच खासदारांनी नेसूचं गुडघ्यावर खोचलं. पाहुणा चिखलात उतरल्यावर साहेबांना कोरडं राहता येईना. रोपं पुन्हा उपटून सरकारी जीपमधून भाताच्या तीन खेपा मावशीच्या खाचरावर गेल्या. साहेब विजार दुमडून वाकले आणि पहिल्याच पावलाला बसले.

खासदारांची ओळ बघून मावशी म्हणाली, “ओ पाव्हणं, बैलाच्या मुतावानी गेलीया की!”

“हे सांगू नकोस,” साहेब मला दबक्या आवाजात म्हणाले.

का सांगू नको? मी शब्दाला शब्द इंग्रजी केलं.

खासदार खूश. “तीही अगदी हेच म्हणाली होती!”

जीप गेल्यावर मावशीनं त्यांची अख्खी ओळ उपटून पुन्हा लावली. साहेबांची तर दोनदा. आठवडाभर खाचर पिवळं पडलं होतं आणि ती माझ्याशीसुद्धा धड बोलत नव्हती. मग एका सकाळी बांधावरून हाक आली, “धरलं रं, धरलं!”

मी पळत गेलो. रोपांच्या पोंग्यात, मधल्या कोवळ्या पानांत, हिरवं दिसत होतं. मी बघतच राहिलो.

“बघतुयास काय? उतर खाली, तण काढ.”