कपाळाची माती

मातीत हळद आणि तेल कालवल्याचा वास आला की चाळीस वर्षांपूर्वीची आमची पाचोऱ्याची तालीम आठवते. त्या संध्याकाळी मी जिनिंगमध्ये दिवसभर कापसाच्या गाठी वाहून आलो होतो, खांदे सोलून निघाले होते. नुसतं तोंड दाखवून परतायचं ठरवलं होतं, पण कुस्तीच्या हौदात उतरताच सवयीनं चिमूटभर माती कपाळाला लावली. आमच्याकडे माती लावली की कुस्ती खेळल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, असा नियम. "आबा, आज नको, भलता थकेल शे मी," मी वस्तादांना म्हणालो. साठीच्या त्या माणसानं मुस्काटात अशी ठेवून दिली की ओठ फुटून रक्त मातीत सांडलं. मग दुसरी, मग तिसरी. चौथीला माझं डोकं फिरलं. मी त्यांना कमरेला धरून उचललं आणि जीव खाऊन आपटलं. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलेलं सगळ्यांनी ऐकलं. पडल्या पडल्या, दात आवळून आबा हसले, "तू ते थकेल व्हता ना रे?" आजही एखाद्या सकाळी अंथरूण सोडवत नाही, तेव्हा ते हसू ऐकू येतं आणि मी उठून जोर काढायला लागतो. आबांचा तो हात मात्र मरेपर्यंत खांद्याच्या वर गेला नाही.