सहा घटकांची स्तामेनका

स्तामेनका रोजगार कचेरीची पायरी चढली की बिसेर्काबाईंच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते त्यांच्या नवऱ्यालाही कधी बघायला मिळालं नसेल. कारण सरळ होतं. नव्या राष्ट्रीय रोजगार धोरणात समाजातल्या दुर्बल घटकांना आधी काम द्यायचं ठरलं होतं, आणि स्तामेनका एकटीच सहा घटक होती. बाई होती, हा एक. पन्नाशी उलटली होती, हा दुसरा. विधवा, घरात दुसरं कोणी मिळवतं नाही. राहायची लेस्कोवात्स शहराच्या बाहेर, खेड्यात. सूतगिरणी बंद पडल्यापासून बेकार. आणि गिरणी चालू होती तेव्हा तिथल्या यंत्रानं डाव्या हाताची दोन बोटं ठेवून घेतलेली, म्हणजे अपंगही.

"स्तामेनकाताई, तुम्ही सोनं आहात सोनं," बिसेर्काबाई म्हणाल्या. "तुम्हाला एक नोकरी लागली की माझ्या अहवालात सहाजण कामाला लागतात."

"मग पगार पण सहाजणांचा का?"

"तुमचं आपलं काहीतरीच!"

पण कामाच्या आधी प्रशिक्षण हवं. उन्हाळाभर गिरणीतल्या जुन्या बायका एका पंखा नसलेल्या खोलीत बसून 'स्वतःची ओळख कशी करून द्यावी' हे शिकल्या. शिकवायला बेलग्रेडहून एक कोटातला तरुण यायचा. त्यानं एके दिवशी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"पेन्शनीत," स्तामेनका म्हणाली. "नाहीतर नवऱ्याशेजारी, वरच्या दफनभूमीत. जागा घेऊन ठेवलीय."

तरुणानं फळ्यावर लिहिलं, 'ध्येय स्पष्ट'. सगळ्या बायकांना प्रमाणपत्रं मिळाली, आणि शेवटच्या दिवशी चीज भरलेले खुसखुशीत बुरेक खायला मिळाले, तेही गरम. प्रशिक्षणाबद्दल वाईट बोलणारी बाई त्या दिवशी एकही निघाली नाही.

मग शरद ऋतूच्या तोंडाशी नोकरीही आली. वेलिझार नावाच्या गृहस्थाचा भाजलेल्या लाल मिरच्यांचा आयवार बाटल्यांत भरायचा कारखाना होता. या माणसाचं दुर्बल घटकांवर फार प्रेम. वर्षभर अर्धा पगार सरकार देणार हे कळल्यापासून तर ते उतू चाललं होतं. त्यानं स्तामेनकाचा हात दोन्ही हातांत घेतला, उरलेली बोटं प्रेमानं दाबली आणि म्हणाला, "आमचा कारखाना म्हणजे एक कुटुंब आहे, ताई."

कुटुंबात तिच्यासाठी एक टेबल आलं. अपंगांसाठी खास बनवलेलं, बटण दाबलं की वर जाणारं, पुन्हा दाबलं की खाली येणारं, धोरणाखालच्या प्रकल्पाच्या पैशानं थेट परदेशातून मागवलेलं. फक्त ते मिरच्या सोलायच्या खोलीच्या दारातून आत जाईना. आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. दाराची चौकट काढायची तर त्यासाठी प्रकल्पात तरतूद नव्हती. शेवटी टेबल बाहेरच्या पडवीत ठेवलं गेलं, आणि टेबलामागे स्तामेनका.

"मला आत बसवा की," ती म्हणाली. "मिरच्या सोलायला टेबल कशाला लागतं? बाकीच्या बायका पाटावर बसतात, मीही बसेन."

"ताई, समजून घ्या," वेलिझार कळवळून म्हणाला. "टेबलाशिवाय तुम्हाला बसवलं तर ते तुमच्या हक्कांचं उल्लंघन होतं. आणि माझं अनुदान जातं."

"म्हणजे मी करू काय?"

"बसा! आराम करा! इतकी वर्षं राबलात ना?"

आतून भाजलेल्या मिरच्यांचा वास यायचा, बायकांचं हसणं यायचं, कोणीतरी कोणाच्या तरी सुनेचं उणंदुणं काढायचं, ते अर्धंच ऐकू यायचं. स्तामेनका बाहेर बसून टेबल वर न्यायची, खाली आणायची. नवरा गेला तेव्हा घर रिकामं झालं होतं, पण त्या घरात निदान तिला कामाला हात लावू नको म्हणणारं कोणी नव्हतं. आठवडाभरानं ती उठली, खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "अगं बायांनो, एक टोपली द्या इकडे." तेव्हापासून खिडकीतून टोपल्या बाहेर यायला लागल्या आणि सोललेल्या मिरच्या आत जायला लागल्या. वेलिझारनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कायद्यात टेबलाबद्दल लिहिलं होतं, खिडकीबद्दल काही नव्हतं.

नोव्हेंबरात राजधानीतून पाहुणे आले, सोबत एक परदेशी बाई. टेबल पुसलं गेलं, मिरच्यांची टोपली लपवली गेली, स्तामेनकाला स्वच्छ ॲप्रन मिळाला. परदेशी बाईनं विचारलं, आता कसं वाटतं?

"थंडी वाजते," स्तामेनका म्हणाली.

बिसेर्काबाईंनी लगेच भाषांतर करून सांगितलं. पाहुणीचे डोळे भरून आले. स्तामेनकानं नंतर विचारलं, "थंडीचं ऐकून रडली ती? भली बाई दिसते."

"मी सांगितलं की तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदाच सन्मान मिळाल्यासारखं वाटतं."

"आणि थंडीचं?"

"ते नंतर अर्जात घालू."

फोटो निघाला. टेबल पूर्ण वर गेलेलं होतं, त्यामुळे त्यात स्तामेनका फक्त गळ्यापासून वर दिसत होती. पण हसत होती, कारण पाहुण्यांच्या मागे फाटकापाशी तिहोमीर उभा राहून टोपी हलवत होता.

हा तिहोमीर दर आठवड्याला लेस्कोवात्स ते लिंझ बस चालवायचा. जाताना माणसं न्यायचा, येताना पार्सलं आणायचा. माणसं परत आणायची वेळ फक्त नाताळात आणि मयतीला यायची. विधुर, पोटानं सुटलेला, स्वभावानं हळवा. वेलिझारच्या बाटल्या ऑस्ट्रियात न्यायला तो यायचा आणि पडवीत कॉफीला थांबायचा. एकदा त्यानं गंमत म्हणून टेबलाचं बटण दाबलं, टेबल वर जाता जाता त्याची कॉफी कलंडली, आणि ती पुसताना तो म्हणाला, "स्तामेनका, तू आणि मी एका घरात राहिलो तर दोघांचंही सरपण वाचेल."

"मागणी घालतोस की काटकसर शिकवतोस?"

"दोन्ही."

बातमी गावात पसरायच्या आत कचेरीत पोचली. बिसेर्काबाई रविवारी स्तामेनकाच्या घरी आल्या, हातात केक. आमच्याकडे सरकारी माणूस केक घेऊन आला की घरातले आधी दार लावून घेतात.

"अभिनंदन हो ताई, मला इतका आनंद झालाय," त्या बसता बसता म्हणाल्या. "फक्त मार्चपर्यंत थांबता येईल का?"

"कशाला?"

"लग्न झालं की तुम्ही एकट्या राहणार नाही. आणि तिहोमीरचा फ्लॅट शहरात. म्हणजे खेडंही गेलं. एका लग्नात माझे दोन घटक जातात, ताई! वर्षाचं उद्दिष्ट मार्चला पुरं होतं. प्रकल्पात मी पण कंत्राटावरच आहे, मला विचारतात वरून."

"आणि माझी बोटं परत उगवली तर?"

"असं अभद्र बोलू नका."

स्तामेनकानं तिच्याकडे नीट पाहिलं. नखांचा रंग निम्मा गेलेला, बुटाची टाच पुन्हा चिकटवलेली. आपल्याएवढीच असेल वयानं. राग यायला हवा होता, पण आला नाही. ती म्हणाली, "बिसेर्का, माझी कुमा होशील?"

आता आमच्याकडे लग्नाची साक्षीदार म्हणजे बहिणीच्या वरचं नातं, दोघी मग एकमेकींना कुमाच म्हणतात, आणि कोणी 'कुमा हो' म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नसते. बिसेर्काबाईंनी स्वतःच आणलेल्या केकचा मोठा तुकडा कापून घेतला.

जानेवारीत नगरपालिकेच्या हॉलमध्ये लग्न झालं. कुमा पहिल्यापासून शेवटपर्यंत रडली. आनंदानं की उद्दिष्टामुळे, हे तिला कोणी विचारलं नाही. संध्याकाळी रकिया पोटात गेल्यावर ती तिहोमीरच्या गळ्यात पडून म्हणाली, "तू माझे दोन घटक खाल्लेस रे," आणि पाहुण्यांना वाटलं हे एखादं जुनं प्रेमप्रकरण असावं.

दोन घटक कमी भरले म्हणून सरकारचा अर्धा पगार वर्ष व्हायच्या आधीच थांबला, आणि त्याच महिन्यात वेलिझारचं प्रेमही थांबलं. त्यानं पुन्हा तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "कुटुंब तेच राहील, ताई. फक्त तुम्ही उद्यापासून येऊ नका." टेबल त्याच्या मुलाच्या घरी गेलं. मुलगा धडधाकट होता, पण त्याला उभं राहून संगणकावर खेळायला आवडायचं. खिडकीतल्या बायकांनी स्तामेनकाला मिठी मारली. एकीनं पदराआडून काढावी तशी ॲप्रनखालून आयवारची बाटली काढून दिली. बसथांब्यावर ती बाटली मांडीवर घेऊन स्तामेनका बराच वेळ बसली. बस आली, गेली. नोकरी गेल्याचं दुःख तिला नीटसं होईना, कारण नोकरी होती कुठे? मिरच्यांचं मात्र झालं. त्या तिनं खरोखर सोलल्या होत्या.

एप्रिलमध्ये ती नवऱ्याच्याच बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून लिंझला गेली. हेर्टा नावाच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या लेकीनं दारातच एक प्रश्न विचारला: "उचलता येतं का?" स्तामेनकानं म्हातारीला उचलून दाखवलं. प्रशिक्षण नाही, प्रमाणपत्र नाही, टेबल नाही. कागदपत्रंही नाहीत, पण तो विषय अर्थात दोघींनी मुद्दामच काढला नाही. तीन महिने तिकडे, मग थोडे दिवस घरी. नवरा आठवड्यातून एकदा दाराशी येऊन हॉर्न वाजवायचा, दोघं बसमध्ये बसून सूप प्यायची. लग्न करून सरपण वाचलं होतं, हे खरं.

इकडे स्तामेनकासारख्या बऱ्याच जणी गेल्यामुळे जिल्ह्यातली बेकारी झपाट्यानं कमी झाली. धोरणाचं कौतुक झालं. एका मोठ्या परिषदेत भिंतीएवढ्या पडद्यावर स्तामेनकाचा गळ्यापासून वरचा फोटो झळकला.

सप्टेंबरात एका दुपारी म्हातारीला भरवताना स्तामेनकाचा फोन वाजला.

"कुमा, मी बिसेर्का. शेवटचा अहवाल भरतेय. तुमच्यापुढे 'टिकाऊ रोजगार मिळाला' असं लिहू का?"

"लिही. कुठे मिळाला ते लिहू नकोस."

"तो रकानाच नाहीये." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "प्रकल्प संपला, कुमा. माझं कंत्राट पण. काल मीच माझ्या खुर्चीसमोरच्या बाकावर बसून नाव नोंदवलं. नव्या पोरीनं विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता."

"मग काय सांगितलंस?"

बिसेर्कानं हळूच विचारलं, "तिहोमीरच्या बसमध्ये जागा असते का गं?"

हेर्टानं तोंड उघडून धरलं होतं. स्तामेनकानं चमचा आत घातला, हनुवटी पुसली.

"असते," ती म्हणाली. "बॅग लहान आण. खाली वेलिझारच्या बाटल्या असतात."