'ने' म्हणाली म्हणून नेलं

घरसामान हलवणाऱ्या कंपनीत त्यांना सगळे नेऊमामा म्हणत. खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच राहिलं होतं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढउतार केलेल्या या माणसाचा एक नेम होता. वस्तूला हात लावण्याआधी मालकाकडे बघायचं आणि विचारायचं, "नेऊ?" फ्रिज असो की पायपुसणं, विचारल्याशिवाय उचलायचं नाही. समोरून "न्या" आलं, किंवा म्हाताऱ्यांकडून "ने रे बाबा" आलं, की मगच गुडघे वाकायचे.

या नेमाचा मामांना चांगलाच ताठा होता. कंपनीत नवा माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे, "आपल्यात आणि चोरात फरक काय? तर आपण विचारतो." नवा माणूस मान डोलवायचा आणि जुने तोंड फिरवून हसायचे. गाडीचा चालक भोंगा तर त्यांची नक्कल करण्यात पटाईत होता. त्याला भोंगा म्हणत, कारण सामान उतरायला दोन मिनिटं उशीर झाला की तो खालून हॉर्नवर हात दाबून धरायचा. जेवताना तो मामांच्या डब्यातल्या लोणच्याच्या फोडीकडे बोट दाखवून अदबीने विचारायचा, "नेऊ?" आणि उत्तराची वाट न बघता न्यायचा.

त्या दिवशीचं काम चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं होतं, आणि लिफ्ट नव्हती. घरात एकटी म्हातारी. तिचा नवरा चांभार, मागल्या हिवाळ्यात गेलेला. दोघं बल्गेरियातून सहा वर्षांपूर्वी मुलीच्या मागोमाग या शहरात आले होते. नवऱ्याने इथली भाषा गिऱ्हाइकांशी बोलून बोलून शिकून घेतली होती. म्हातारीचं सगळं बोलणं त्याच्यामार्फत चाले, त्यामुळे तो गेला तशी ती मुकीच झाली. आता मुलगी तिला आपल्या घरी नेत होती. मुलगी हॉटेलात स्वागतकक्षावर कामाला, तिला सुट्टी मिळाली नव्हती. तिने फोनवर मामांना सगळं समजावून दिलं होतं. "पहिल्या खेपेला पुढच्या खोलीतलं सगळं माझ्याकडे. मागच्या खोलीत बरंच निकामी पडलंय. आई सांगेल तेवढं दुसऱ्या खेपेला भंगारात टाका."

पहिली खेप सुरळीत झाली. दुपारी मामा मागच्या खोलीत आले. फुटकी बादली, पडद्यांच्या गंजलेल्या दांड्या, पाय मोडलेली खुर्ची, ओल खाल्लेली गादी. मामा एकेका वस्तूकडे बोट दाखवत आणि विचारत, "नेऊ?" म्हातारी वस्तू पायाने पुढे ढकलायची, "दा" म्हणायची आणि मान आडवी हलवायची. काय हा पसारा जमवला मेला जन्मभर, असं ती म्हणत असणार, असा अर्थ मामांनी लावला. ढकलणारा पाय दिसत होता, तेवढं पुरे होतं.

शेवटी खिडकीखाली एक बाकडं उरलं. बुटकं, गुडघ्याइतकंही उंच नाही. एका बाजूला बसायला चामड्याची बैठक, वापरून वापरून मधोमध खोल गेलेली. दुसऱ्या बाजूला खिळे, दोरा, मेण ठेवायचे कप्पे, रिकामे. एका पायाला तार गुंडाळलेली. खालून भोंग्याने हॉर्न दाबला.

"नेऊ?" मामांनी विचारलं.

"ने," म्हातारी म्हणाली. मान खालीवर हलवली आणि पुन्हा म्हणाली, "ने, ने."

मामा चकित झाले आणि खूशही झाले. दिवसभर "नेऊ, नेऊ" ऐकून म्हातारी आपली भाषा शिकली की. त्यांनी बाकडं खांद्यावर घेतलं. खाली गाडीपाशी भोंगा भेटला तेव्हा त्याला म्हणालेसुद्धा, "आजी बोलायला लागली बघ. ने म्हणाली, अगदी घरच्यासारखं." संध्याकाळपर्यंत गाडी भंगाराच्या वखारीत रिकामी झाली आणि मामा घरी जाऊन निवांत जेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी कंपनीच्या दारात उभी राहिली. हॉटेलचा गणवेश अंगावर तसाच होता. "मामा, बाबांचं बाकडं कुठे आहे?"

"भंगारात दिलं ना. आजींनीच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"ने म्हणाल्या. मी विचारलं, नेऊ? त्या म्हणाल्या, ने. मान हलवून म्हणाल्या. तीनदा."

मुलगी बाजूच्या खोक्यावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आमच्या भाषेत ने म्हणजे नाही."

मामांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "पण मान..."

"आमच्याकडे मान खालीवर केली की नकार. आडवी हलवली की होकार. ती नाही नाही म्हणत होती, मामा. बाकीच्या सामानाला दा म्हणाली असेल. दा म्हणजे हो."

मामांच्या डोळ्यांपुढे बादली आली, दांड्या आल्या, गादी आली. प्रत्येक वेळी दा. फक्त एकाच वस्तूला ने. सबंध दुपारभर म्हातारीने एकच गोष्ट मागितली होती आणि तेवढीच त्यांनी खांद्यावर टाकून नेली होती. त्यांचे कान तापले.

त्यांची ती अवस्था बघून मुलीलाच दया आली. "चूक होण्यासारखाच शब्द आहे हो," ती म्हणाली. "माझ्या काउंटरवर रोज गंमत होते. ग्रीक पाहुणा ने म्हणाला की ते हो असतं. कोरियन म्हणाला तरी हो. तुर्की माणूस ने म्हणाला की तो विचारत असतो, काय? जपानी बायका वाक्याच्या शेवटी ने लावतात, आपण हो ना म्हणतो तसं. आणि आमचं ने म्हणजे नाही. एवढासा शब्द, पण मी प्रत्येक वेळी आधी पासपोर्ट बघते."

मामांनी हे बोलणं बुडत्याने दोरी धरावी तसं धरून ठेवलं. ग्रीक, कोरियन, तुर्की, जपानी. एवढे सगळे देश आपल्या बाजूने साक्षीला उभे आहेत असं त्यांना वाटलं. पण मुलगी उठता उठता म्हणाली, "बाबांनी ते स्वतः केलं होतं. येताना विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरलं, तेव्हा त्याच्यासाठी आपले थंडीचे कपडे मागे टाकले होते त्यांनी. आई रोज सकाळी त्यावर बसून चहा प्यायची. दोन दिवस जेवलेली नाही ती. तिला वाटतंय, तुम्ही ऐकूनही मुद्दाम नेलंत." ती निघून गेली.

मामा धावत वखारीत गेले. लाकडाचा त्याच संध्याकाळी भुगा झाला होता. वखारवाल्याने ढिगाकडे हात केला. मामा त्या ढिगापुढे उभे राहिले, जणू भुशातून बाकडं पुन्हा उठून उभं राहणार होतं. मग वखारवाल्याला आठवलं, की चामडं यंत्रात अडकतं म्हणून ते आधी सोलून ठेवतात. रबराच्या आणि रेक्झिनच्या राशीत तासभर उकरल्यावर बैठक मिळाली. मधला खळगा तसाच होता. मामांनी ती शर्टाने पुसली आणि काखेत धरली.

इथवर झालं ते चुकीने झालं. पण यापुढे मामांनी जे केलं त्याला काही नाव नाही. दुपारी डबा खाताना भोंग्याने विचारलं, सकाळी ती पोरगी का आली होती, आणि मामांनी ती गोष्ट गंमत म्हणून सांगितली. ग्रीकाचा ने, जपान्याचा ने, आजीची उलटी मान, सगळं साभिनय. माणसं पोट धरून हसली. भोंगा म्हणाला, "मामा, सत्तावीस वर्षं विचारताय, आणि उत्तर कळायला पासपोर्ट लागतो होय?" मामाही हसले. हसताना चामड्याची बैठक त्यांनी पायाने बाकाखाली सरकवली, कुणाला दिसू नये म्हणून.

रात्री जेवताना तीच गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली. ती हसली नाही. तिने विचारलं, "अहो, तुम्ही बाकडं उचललंत तेव्हा ती काय करत होती?"

"उभी होती."

"नुसती उभी?"

मामांनी घास ताटात ठेवला. डबा खाताना सांगितलेल्या गोष्टीतून त्यांनी एक भाग गाळला होता. खरं तर मुलीपासूनही लपवला होता आणि स्वतःलाही सांगितला नव्हता. म्हातारीचा हात बाकड्यावर होता. तिने कड घट्ट धरली होती. खालून हॉर्न वाजत होता, तेव्हा मामांनी तिची बोटं एकेक करून सोडवली होती, अगदी हळुवार, आणि म्हणालेही होते, "होतं असं आजी, जीव अडकतो वस्तूत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी पाहिलं होतं. निरोपाचं पाणी असेल, असं म्हणून जिना उतरले होते.

हे बायकोला सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की तिला दोनदा "काय?" विचारावं लागलं.

"म्हणजे शब्द नाही कळला," ती म्हणाली, "आणि हात?"

तिने ताट उचललं आणि विषय तिथेच सोडला. ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू उतरवताना कुणाचा हात कशावरून निघत नाही हे त्यांना लांबून कळायचं. त्या दिवशीही कळलं होतं. फक्त कानावर आलेला शब्द त्यांच्या सोयीचा होता, आणि गाडी खाली उभी होती. शरम वाटायला चूक लागत नाही, एवढं कळलेलं असणं पुरतं. ते कूस बदलत पडून राहिले.

रविवारी ते मुलीच्या घरी निघाले. भोंगा म्हणाला, मी सोडतो, आणि गाडीत खाली थांबला. मामांनी बैठक धुऊन, तेल लावून मऊ केली होती आणि जुन्या स्वच्छ चादरीत गुंडाळली होती. दार मुलीने उघडलं.

"आत या. तुमचा तो शब्द मी आईला समजावून सांगितला," ती म्हणाली. "तुमच्या भाषेत ने म्हणजे घेऊन जा. आधी तिचा विश्वास बसेना. मग हसली थोडी. काल जेवली."

हे ऐकून मामांना हायसं वाटायला हवं होतं. ते हायसं वाटणं छातीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. म्हणजे म्हातारीनेही आता सगळं त्या शब्दावर टाकलं होतं. मामा गप्प राहिले असते तर गोष्ट इथेच मिटली असती, चहा पिऊन घरी जाता आलं असतं.

म्हातारी खिडकीपाशी एका नव्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मामांनी चादर उलगडली. बैठक तिच्यापुढे धरली आणि मुलीला म्हणाले, "त्यांना सांग, लाकूड गेलं. एवढंच मिळालं. आणि हेही सांग, त्यांची बोटं मी सोडवली होती. मला दिसलं होतं. शब्द नाही कळला हे खरं आहे, पण मला दिसलं होतं."

मुलीचा चेहरा बदलला. "हे सांगायलाच हवं का?"

"सांग, पोरी."

तिने सांगितलं. दोनतीनच वाक्यं झाली, पण मामांना ती फार लांबलचक वाटली. मधे म्हातारीने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. मग बैठकीच्या खळग्याकडे बघितलं. मामा खाली मान घालून उभे होते आणि हात पुढे केलेलेच होते. ती हात लावेल म्हणून ते थांबले होते.

म्हातारीने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंफले आणि सरळ मामांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ने."

मान हलवली नाही. मामांनी मुलीकडे बघितलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती, तिने काही भाषांतर केलं नाही. मामांनी बैठक पुन्हा चादरीत गुंडाळली, कोपरे नीट खोचले आणि दाराकडे वळले.

खाली भोंग्याने त्यांच्या हातातलं गाठोडं बघितलं. "काय झालं? काय म्हणाली?"

"ने म्हणाली."

भोंग्याला हसू आवरेना. "मामा, यांचं ने का आपलं ने?"

मामा गाडीत चढले, गाठोडं मांडीवर घेतलं आणि दार ओढून घेतलं.

"दोन्ही," ते म्हणाले.